चौलचे मणी आणि परमुलखातील रांजण

कुंडलिका नदी समुद्रास मिळते त्या मुखाशी वसलेले चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत निवांत पहुडलेले दिसत असले, तरी अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास येथे आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथील सहस्रावधी माणसे या बंदरात बिऱ्हाडे करून राहिलेली त्याने पाहिली होती. अशा बंदराची कैफियत प्रवासवर्णनांतून आणि पुढे पोर्तुगीजांच्या दप्तरांतून पुष्कळशी हाती लागते. परंतु दप्तर लिहिणाऱ्या कारकुनाचे लक्ष स्वाभाविकपणेच घोडे, कापड आणि मिरी अशा भरघोस जकात देणाऱ्या जिनसांवर असावयाचे, आणि काचेच्या मण्यांच्या पोतड्यांसाठी तो आपली शाई फारशी खर्च करीत नसे. ही उणीव भरून काढण्याचे काम अलीकडच्या काळात रसायनशास्त्राने अंगावर घेतले आहे.

काच म्हणजे मूलतः वितळलेली वाळू; पण शुद्ध वाळू वितळावयास सुमारे सतराशे अंश उष्णता लागते, आणि एवढा जाळ प्राचीन कारागिरांच्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा वाळूस लवकर पाघळविणारा एखादा क्षार तीत मिसळणे भाग पडे, आणि हा क्षार प्रत्येक मुलखाने आपापल्या सोयीने शोधला. रोमन काचेसाठी इजिप्तमधील वादी नत्रून येथील सरोवरांचा खार वापरीत. इराण-इराकात खाऱ्या जमिनीवरील झुडपांची राख घेत. मध्ययुगीन उत्तर युरोपातील कारागीर अरण्यातील लाकडे जाळून त्यांच्या राखेवर भागवीत. राखेचा उपयोग झाला असला म्हणजे काचेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण वाढते, आणि यांची ऑक्साइडे शेकडा दीडपेक्षा कमी भरली तर सोड्याचा क्षार वनस्पतींपासून नव्हे, खनिजापासून आला असे सामान्यतः मानतात. भारतातील पुष्कळशी काच या कसोटीवर खनिज क्षाराची ठरते; मात्र तिच्यात अ‍ॅल्युमिना विलक्षण अधिक, म्हणजे रोमन काचेत शेकडा दोन-तीन तर येथे पाच ते दहा, क्वचित त्याहूनही जास्त, असा सापडतो. त्याचे कारण असे की आपल्याकडील कारागीर ग्रॅनाइटाच्या झिजेतून झालेली फेल्डस्पारमिश्रित वाळू आणि उन्हाळ्यात जमिनीवर फुलणारा खार, ज्याला उत्तरेत रेह म्हणतात, यांवरच आपली भट्टी चालवीत. रोमन काचकाराने असली वाळू बहुधा नापसंत केली असती. तथापि याच हिणकसपणामुळे भारतीय काच आज परदेशच्या ढिगाऱ्यातूनही निवडून काढता येते, आणि संशोधकाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय.

ही परीक्षा पूर्वी काचेचा तुकडा फोडून, विरघळवून करावी लागे, आणि कोणता संग्रहालयाधिकारी आपला मणी असा राजीखुशीने देईल? क्ष-किरणांचा मार्ग निरुपद्रवी खरा. पण शतकानुशतके ओल्या मातीत राहिलेल्या काचेच्या पृष्ठभागातून सोडा झिरपून गेलेला असतो, आणि वरवर पाहणाऱ्या किरणांस मूळ काचेऐवजी तिचे किटणच मोजावे लागते. सांप्रत लेसरचा सूक्ष्म किरण मण्यावर रोखून केसाच्या जाडीएवढा खळगा पाडतात, त्यातून उडालेली वाफ आर्गॉन वायूच्या कित्येक सहस्र अंश तप्त ज्योतीत नेतात, आणि तेथे विद्युत्भारित झालेले अणू वजनानुसार वेगळे करून मोजतात. किटणाचा थर आधी उडवून मग आतली काच घेता येते. लक्षांशांत भरणारी मूलद्रव्येही मोजली जातात. आणि खळगा नुसत्या डोळ्यांस दिसतही नाही.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधील लॉर द्युसुब्यू यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे, केनियाच्या किनाऱ्यावर उत्खनन करणारे चापुरुखा कुसिंबा आणि इतर सहकारी यांच्यासह २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पद्धतीने चौलचे आणि केनियाचे मणी शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हीकडे तीच बहु-अ‍ॅल्युमिनायुक्त सोडा-काच. पण खरी गंमत लक्षांशांच्या रकान्यात होती. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील जुन्या मण्यांत बेरियम भरपूर आणि युरेनियम अल्प, तर चौल आणि केनिया येथील मण्यांत नेमके उलट. हे युरेनियम कोणी हेतुपुरस्सर घातलेले नव्हे, ते वाळूबरोबर आपोआप आलेले. म्हणूनच त्याची साक्ष अधिक भरवशाची. रंग कारागीर बदलू शकतो, घाट हुबेहूब उचलू शकतो, परंतु ज्या द्रव्याचे अस्तित्वच त्याला ठाऊक नाही त्यात तो लबाडी करणार कशी?

मात्र येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे अभिमानाच्या भरात ती सुटते. चौलला मणी सापडले म्हणून त्यांची काच चौललाच वितळली असे ठरत नाही. कोकणचा खडक बेसाल्ट. त्याच्यात युरेनियम अत्यल्प, आणि त्याच्या झिजेतून होणारी वाळू लोहयुक्त व काळसर. ही काच ग्रॅनाइटी मुलखातील वाळूची आहे. तेव्हा बंदराकडे श्रेय जावयाचे ते तिच्या व्यापाराचे, फार तर तयार काचेचे मणी घडविण्याचे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित, ज्यांनी पुरातत्त्वज्ञ सांकलियांसमवेत १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खनन करून बहमनी काळातील काचेच्या बांगड्या उजेडात आणल्या आणि ज्यांचा भारतीय काचेवरील ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला, त्यांच्या पिढीला वर्गीकरणासाठी मुख्यतः घाट, रंग आणि मातीचा थर यांवर विसंबावे लागले. त्यांची चिकाटी पाहता हे यंत्र त्यांना लाभावयास हवे होते असे राहून राहून वाटते.

खापरांच्या बाबतीतही हाच न्याय. भाजलेल्या मातीत क्वार्ट्‌झ, अभ्रक, फेल्डस्पार यांचे जे स्फटिक उरतात ते क्ष-किरणांना ठरावीक कोनांत वळवितात, आणि त्यावरून माती बेसाल्टी प्रदेशाची की गाळाच्या सपाटीची याची शहानिशा होते. गोगटे यांनी हे तंत्र आपल्याकडे निष्ठेने चालविले. पण सर्वांत मनोरंजक प्रकरण आहे ते लांबोळ्या, बुडाशी निमुळत्या होत गेलेल्या रांजणांचे. पश्चिम किनाऱ्यावर अशी खापरे मिळाली की त्यांना रोमन मद्यकुंभ म्हणण्याची एके काळी रीतच पडली होती, कारण रोमशी नाते जोडण्यात एक प्रतिष्ठा होती. खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टोम्बर यांनी २००७ साली त्यांची पुन्हा छाननी केली तेव्हा त्यांपैकी पुष्कळशी रोमन नसून मेसोपोटेमिया-इराणकडील असल्याचे निष्पन्न झाले. या रांजणांना आतून डांबराचा लेप असतो, आणि डांबर ज्या प्राचीन सेंद्रिय अवशेषांपासून झाले त्यांचे विशिष्ट रेणू त्यात टिकून राहतात. श्रीलंकेतील अनुराधपूर येथे मिळालेल्या तिसऱ्या ते नवव्या शतकांतील अशा खापरांवरचे डांबर वायु-वर्णलेखनाने तपासले असता ते इराणातील सूसा परिसराचे निघाले. मसूदीने चौलात पाहिलेली सिराफ-बसऱ्याची वस्ती म्हणजे कोणा एका पिढीचे साहस नव्हते. तिच्या मागे या डांबरी रांजणांची कित्येक शतकांची ये-जा होती, आणि तिच्यातला पुष्कळसा भाग आपण रोमच्या खाती जमा करून बसलो होतो.