बुटक्या सिक्लिडांचा शेजार

बांधाचा तंटा म्हणजे काय हे खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वीतभर जमीन इकडची तिकडे झाली की सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. काचेच्या टाकीत सिक्लिड कुळातले मासे पाळणाऱ्याने हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

हे कूळ आपल्याला परके नाही. 1952 साली भारतात आणलेला टिलापिया याच कुळातला, आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदरही. कालुंदराला ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 साली जे शास्त्रीय नाव दिले, त्यात आपल्या तापीच्या मुखावरचे सुरत आहे! पण हे मासे मोठे. शोभेच्या टाकीत येतात ते त्यांचे बुटके भाऊबंद: ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम, अमेझॉनकडचे अपिस्टोग्रामा, नायजेरियातला क्रिबेन्सिस. दोन ते चार इंचांचा जीव. 'लहान आहे, कशातही सोडा,' असे सांगून विकला जातो. आणि पंधरवड्यात टाकीतला दुसराच एखादा मासा शेपटी फाटून कोपऱ्यात मरून पडतो.

यात दुष्टपणा नाही. पुष्कळ मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड मात्र अंडी राखतात, परांनी त्यांवर पाणी खेळते ठेवतात, पिलांना घेऊन हिंडतात. ही अंडी तळाच्या दगडावर किंवा कपारीत असतात. म्हणून त्यांची हद्दही तळाची. वरच्या पाण्याशी त्यांचे फारसे देणेघेणे नसते. सारी युक्ती येथेच आहे. टाकीत पाणी किती, हे मागाहून विचारावे. आधी तळ मोजावा. दोन फूट लांब व एक फूट रुंद तळावर एकच जोडी ठेवावी. फुटके मडके, नारळाची करवंटी आणि दाट वनस्पती अशा मांडाव्यात की पळणाऱ्याला आडोसा मिळेल.

सोबती वरच्या थरात पोहणारे घ्यावेत. आपल्याच देशातल्या झेब्रा दानियोचा लहानसा थवा उत्तम. तळ चाळीत फिरणारे मांजरमासे लहान टाकीत नकोत. त्यांना हद्द कळत नाही आणि ते मार खात राहतात. मग सिक्लिड एकटेच ठेवले तर? कोनराड लोरेंझ यांनी 1963 सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, भांडायला शेजारी उरला नाही की नर आपल्याच मादीवर उलटतो. शिवाय वरचे मासे निर्धास्त पोहताना दिसले की लाजरा सिक्लिडही बाहेर येतो.

आपल्याकडे पाण्याचाही विचार हवा. काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. रॅम आणि अपिस्टोग्रामा यांना हलके पाणी लागते. क्रिबेन्सिस थोडे जड पाणी सोसतो. दक्षिण भारतातला पिवळा एट्रोप्लस तर खाडीतही राहणारा. माझे मत विचाराल तर नंदुरबारकराने आरंभ त्याच्यापासून करावा. रॅमला अठ्ठावीस-एकोणतीस अंशांची ऊब मानवते, पण उन्हाळ्यात पाणी त्याहून तापले की त्यातला प्राणवायू घटतो. तेव्हा हवेचा पंप चालू हवा आणि टाकीत गर्दी नको.

नवा मासा सोडायचा असेल तर आधी दगड आणि मडकी हलवून मांडणी बदलावी. जुने बांध मोडले म्हणजे सर्वांनाच नव्याने जागा शोधावी लागते. मग दिवा मालवून, रात्री नवा मासा सोडावा.