धायटीचे फूल वणव्यात घालवू नका

माघ-फाल्गुनात डोंगराच्या उतारावर, पाने झडलेल्या झुडपांच्या अंगभर तांबड्या नळीसारखी फुले लगडलेली तुम्ही दरसाल पाहता. तीच धायटी. कुठे तिला धायरी म्हणतात, वैद्य लोक धातकी म्हणतात. गुराखी पोरं फूल खुडून त्यातला गोडवा चोखतात, मधमाश्या दिवसभर घोंगावतात, आणि आपण मोठी माणसं मात्र तिला सरपणापलीकडं किंमत देत नाही. आता एक करा. औषधाच्या दुकानात जा आणि दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव यांच्या बाटल्यांवरचा कागद नीट वाचा. धातकीचे नाव बहुतेक सापडेलच.

त्याचे कारण असे. अरिष्ट करायचे म्हणजे आधी वनस्पतींचा काढा काढतात. तो गाळून निवला की त्यात गूळ विरघळवतात, धायटीची सुकी फुले टाकतात आणि भांड्याचे तोंड लिंपून साधारण महिनाभर ठेवून देतात. आत गूळ आंबतो, थोडा मद्यार्क आपसूक तयार होतो, त्यात औषधाचा अंश उतरतो आणि टिकतोही. नुसता काढा दोन दिवसांत खराब होईल; अरिष्ट वर्षानुवर्षे राहते. धायटीचे फूल या आंबण्याला चालना देते. आपल्या उतारावरच्या या फुलावाचून देशभरातल्या आसव-अरिष्टांचे काम अडते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

घरगुती उपयोगही जुने आहेत. चरकसंहितेत मळ बांधून ठेवणाऱ्या दहा औषधांचा गट सांगितला आहे, त्यात धायटीचे फूल आहे. आपल्या म्हाताऱ्या बायका काही ग्रंथ वाचून औषध देत नव्हत्या, पण हगवण लागली की सुक्या फुलांची पूड ताकातून देत. बाईमाणसाच्या अंगावरून जास्त जात असेल तर तीच पूड मधातून किंवा तांदळाच्या धुवणातून द्यायची रीत होती. जखम वाहत असेल तर वरून पूड दाबायची. फूल तोंडात धरून पाहिले की जीभ आखडते, ते त्यातल्या टॅनिनमुळे. हिरड्याचा तुरटपणा तुम्हाला ठाऊक आहेच, तशातलाच हा प्रकार. पूर्वी या फुलांनी कापडही रंगवीत.

पण म्हणून घरोघर पुडी बांधून बसू नका. लेकराला जुलाब लागले तर आधी जलसंजीवनी पाजा आणि आरोग्य केंद्र गाठा. पाणी कमी होऊन मूल दगावते, ते पुडीची वाट पाहत नाही. गरोदर बाईला वैद्याला विचारल्याशिवाय काही देऊ नये. अंगावरून वारंवार जात असेल तर तपासणी हवीच, कारण रक्त थांबले तरी मूळ दुखणे आतच राहू शकते.

आता दुखण्याची गोष्ट. धायटीचा बहर आणि वणव्याचा हंगाम एकच. गवत चांगले फुटेल म्हणून कोणी काडी लावतो आणि उतारावरचा सगळा बहर एका दुपारी राख होतो. झुडूप मुळाशी चिवट असते, पुन्हा फुटते, पण त्या सालचे फूल गेले ते गेले, बी गेले आणि माती धरून ठेवणारी झाडीही विरळ झाली. राबासाठी डहाळ्या तोडताना आणि घाईने फुले उतरवतानाही फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. फांदी मोडली तर पुढच्या साली तिथे फूल येणार कुठून?

फुले हाताने खुडा, फांदी वाकवा पण मोडू नका, आणि प्रत्येक झुडपावर काही फुले बियांसाठी राहू द्या. वाळवायची ती सावलीत, कापडावर पातळ पसरून. उन्हात रंग उडतो, जमिनीवर खडे-माती मिसळते, आणि मग व्यापारी भाव पाडायला मोकळा. पुरती खडखडीत वाळल्याशिवाय पोत्यात भरू नका. ओल राहिली तर बुरशी आलीच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (गावात अजून ज्यांना ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात) यांच्यासाठी दोन शब्द. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशा मालाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देऊ शकतो. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे ही समिती नुसती कागदावर ठेवण्यात काय हशील? तसेच जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावाची नोंदवही असते. तिच्यात धायटी कुठल्या उतारावर आहे, कोण वेचते, कशासाठी वापरते हे लिहून घ्या. जाणत्या बायका आहेत तोवर लिहा.

आणि हो, केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या वनउपज यादीत हे फूल ‘धवईफूल’ या नावाने आहे. धायटी म्हणून शोधाल तर सापडणार नाही. चालू दर आणि जवळचे खरेदी केंद्र आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात विचारा, आणि ते फुले खुडायच्या आधी विचारा.