फसवणूक की कसब? ‘टास’ची पारख कशी करायची



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, कर्नलसाहेबांना आता व्हिडिओ गेमचं वेड लागलं. तसं नाही. एक चूक झाली होती, तिच्यामुळे या विषयात शिरलो.

गेल्या दिवाळीत तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी सगळे जमले होते. नातू तेरा वर्षांचा. त्याने मला लॅपटॉपवर जुना मारिओ दाखवला. मारिओ एकदाही न थांबता, शत्रूला केसभर अंतरावरून चुकवत पळत होता. मी विचारलं, “हे तू खेळलास?” तो म्हणाला, “हो आजोबा, पण हळू करून, एकेक फ्रेम पुढे नेत. चुकलो की मागे जायचं.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “म्हणजे चीटिंग!” पोरगं काही बोललं नाही. लॅपटॉप मिटून आत निघून गेलं.

फौजेत असताना मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहिलोय. नियम काय आहेत हे न विचारता निकाल देणारा पंच म्हणजे बिनकामाचा पंच. त्या रात्री मी तेच केलं होतं. मग नियम शोधायला बसलो. जे समजलं ते आज सांगतो.

एखादा गेम कमीत कमी वेळात संपवणं म्हणजे स्पीडरन. ती माणूस हाताने करतो. दुसरा प्रकार टूल-असिस्टेड स्पीडरन, म्हणजे साधनांच्या मदतीने रचलेली धाव. त्याचं लघुरूप टास. यात गेम कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये चालतो. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. टास करणारा प्रत्येक फ्रेमला थांबून ठरवतो की आता कोणतं बटण दाबायचं. कंट्रोलरवर आठ बटणं, म्हणजे दर फ्रेमला २५६ शक्यता. जमलं नाही तर आधी जपून ठेवलेल्या जागेवर परत जायचं आणि दुसरा मार्ग आजमावायचा. शिवाय गेमच्या मेमरीत डोकावून मारिओचा वेग नेमका किती आहे हेही आकड्यात बघता येतं.

फौजी भाषेत सांगू? रेंजवर आपण जवानाची नेमबाजी तपासतो. पण रायफलच नीट मारते की नाही हे बघायचं असेल तर ती स्टँडमध्ये घट्ट आवळतात आणि मग गोळी झाडतात. तिथे जवानाचा हात थरथरला का, हा प्रश्नच नसतो. टासमध्ये तसंच आहे. इथे खेळाडूच्या बोटांची परीक्षा नसते. हा गेम जास्तीत जास्त किती वेगाने संपू शकतो, एवढाच प्रश्न असतो.

मग फसवणूक कुठे होते? स्टँडमधून झाडलेली गोळी ‘मी हाताने मारली’ म्हणून सांगितली तर. २००३ साली मोरिमोतो नावाच्या जपानी खेळाडूचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा साधारण अकरा मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरला. लोकांना वाटलं, माणूस हाताने खेळतोय. साधनं वापरल्याचं कळल्यावर अनेकजण चिडले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिनलंडच्या योएल इलिलुओमा, म्हणजे ‘बिस्क्विट’, यांनी अशा धावा उघडपणे ‘साधनांनी केलेल्या’ म्हणून मांडणारं ठिकाण सुरू केलं. ते पुढे टासव्हिडिओज म्हणून प्रसिद्ध झालं. हाताच्या धावा वेगळ्या, साधनांच्या वेगळ्या, अशी सरळ वाटणी झाली. पाटी खरी असेल तर भांडण उरत नाही.

आता पंचाच्या कामाकडे येऊ.

पहिली गोष्ट, पंच व्हिडिओवर निकाल देत नाही. टास करणारा बटणांची फाइल देतो, कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं याची यादी. पंच ती आपल्या एम्युलेटरवर चालवतो. गेम शेवटपर्यंत गेला तर पुढे बोलायचं. मधेच मारिओ खड्ड्यात पडला तर फाइल जुळत नाही, काम परत. काही जण तर फाइल खऱ्या कन्सोलवर चालवून दाखवतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऑसम गेम्स डन क्विक कार्यक्रमात ‘टासबॉट’ने खऱ्या यंत्राच्या कंट्रोलरच्या जागी तारा जोडल्या आणि सुपर मारिओ वर्ल्डच्या आतच पाँग आणि स्नेक हे खेळ चालवून दाखवले.

दुसरी गोष्ट, घड्याळ. इथे भलेभले फसतात. १९८५ च्या पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सची एक गाजलेली टास आहे, ४ मिनिटं ५७.३१ सेकंदांची, २०११ ची, ‘हॅपीली’ या खेळाडूची. आणि २०२१ मध्ये ‘निफ्टस्की’ या खेळाडूने हाताने खेळून ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत गेम संपवला. मग माणसाने यंत्राला हरवलं का? नाही. टासचं घड्याळ यंत्र चालू केल्यापासून शेवटचं बटण दाबेपर्यंत चालतं. हाताच्या धावेचं घड्याळ मारिओ आपल्या ताब्यात आल्यावर सुरू होतं आणि शेवटच्या कुऱ्हाडीला हात लागला की थांबतं. एकाच घड्याळाने मोजलं तर टासच पुढे आहे. दोन वेगळ्या घड्याळांची वेळ शेजारी मांडणारा पंच दोघांवरही अन्याय करतो.

तिसरी गोष्ट, आवृत्ती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर असे ‘टीव्ही गेम’ मिळायचे. माझ्या मुलाने त्यावरच कॉन्ट्रा आणि मारिओ खेळून सुट्ट्या घालवल्या. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. ६० च्या हिशोबाने लिहिलेला गेम ५० वर चालवला की तो एक षष्ठांशाने संथ होतो, संगीतसुद्धा. म्हणून गेम कुठला, कोणत्या देशासाठीचा, यंत्र ५० चं की ६० चं, हे कळल्याशिवाय पंच आकड्याला हात लावत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड: याहून चांगलं शक्य होतं का? टासमध्ये ‘दमलो’, ‘हात घसरला’ हे चालत नाही, कारण मागे जायची मुभा आहे. म्हणून पंचाने आधीच्या सगळ्या धावा, माहीत असलेल्या युक्त्या बघायच्या आणि विचारायचं, ही युक्ती इथे का वापरली नाही? हाताने खेळणारा माणूस एखाद्या टप्प्यात टासपेक्षा वेगवान निघाला तर ती टास नापास.

पण वाचलेली प्रत्येक फ्रेम उपयोगी पडतेच असं नाही. मारिओत एक मजेदार नियम आहे. एक टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा दर २१ फ्रेमलाच सुरू होऊ शकतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाने एकदा. समजा जयस्तंभ चौकातून ठराविक वेळेला बस सुटते. तुम्ही दोन मिनिटं आधी पोहोचा की पाच मिनिटं, बस तीच मिळणार. तिच्या आधीची बस गाठलीत तरच फायदा. फक्त शेवटच्या टप्प्यात ही बस नाही, तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते.

आता गुण देण्याबद्दल. मान्यता आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता पंच देतो, गुण प्रेक्षक देतात. टासव्हिडिओजवर बरीच वर्षं तांत्रिक दर्जा आणि करमणूक यांना दहापैकी वेगवेगळे गुण द्यायची पद्धत होती. वेगळे कशाला? एखादी धाव अगदी निर्दोष असते, पण गेमच असा की बघताना झोप येते. उलट मारिओ ३ मधले उडत्या जहाजांचे टप्पे घ्या. तिथे पडदा आपल्याच गतीने सरकतो, वेळ वाचवताच येत नाही. मग टास करणारा त्या वेळेत शत्रूंच्या डोक्यावर उड्या मारत जीव जमवतो, तोफगोळ्यांमधून नाचत जातो. एक फ्रेमही न गमावता केलेली ही गंमत आहे. तिचा हिशोब घड्याळात येत नाही, म्हणून तिला वेगळा रकाना हवा.

या साधनांनी एक मोठं कामही केलं. १९८२ साली ड्रॅगस्टर या अटारीवरच्या गेममध्ये टॉड रॉजर्स यांच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम नोंदला गेला. पुढे गेमचा कोड तपासून सगळ्या शक्यता मोजल्या, तर सर्वोत्तम वेळ निघाली ५.५७. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तो विक्रम रद्द केला. ज्याला मी चीटिंग म्हणालो, त्याच पद्धतीने पस्तीस वर्षं टिकून राहिलेला दावा तपासून दिला.

एवढं समजल्यावर मी नातवाकडे गेलो. आधी त्याची माफी मागितली. मग म्हणालो, “तुझी फाइल दे, पंच म्हणून बघतो.” तीन आठवडे खपून त्याने पहिल्या टप्प्यात आपल्या जुन्या धावेपेक्षा चार फ्रेम वाचवल्या होत्या. आम्ही दोन्ही फाइली चालवल्या. दोन्ही जुळल्या. पण दुसरा टप्पा दोन्हींमध्ये त्याच फ्रेमला सुरू झाला. चार फ्रेम वाचल्या होत्या, बस मात्र तीच मिळाली होती.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, द्यावी मान्यता. आधीच दुखावलंय पोराला. पण माफी मागायची म्हणून खोटा निकाल द्यायचा, तर पहिल्या चुकीवर दुसरी चूक झाली असती. मी म्हणालो, “काम स्वच्छ आहे, पण वेळ सुधारली नाही. नामंजूर.” आणि कारण वहीत लिहून दिलं, कोणत्या फ्रेमला मारिओ झेंड्यापाशी पोहोचला आणि बस किती फ्रेमनी हुकली.

त्याने वही वाचली, आकडे पुन्हा मोजले आणि म्हणाला, “बरोबर आहे आजोबा. झेंड्याच्या आधीची उडी बदलून बघतो.” लॅपटॉप घेऊन तो माझ्या शेजारीच बसला.

घरात कुणी मूल असं काही दाखवत असेल तर निकाल देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पाटी काय लावली आहे, घड्याळ कुठून कुठवर चाललं, आणि फाइल आहे का? उत्तरं ऐका, मग काय ते बोला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.