मंगलाष्टकांच्या वेळीच चित्र का फुटतं?

लग्नाची डीव्हीडी लावली की सीमांतपूजन सुरळीत दिसतं. नवरी मांडवात येईपर्यंतही सगळं ठीक असतं. 'सावधान' होतं, अक्षता उडतात आणि नेमक्या त्याच क्षणी चित्राचे चौकोन चौकोन होतात. घरात लगेच निकाल लागतो: डिस्कवर ओरखडे पडले, आता ती गेली. असा निकाल देऊन डिस्क टाकून दिली की मला मनापासून वाईट वाटतं. त्या गर्दीत आजी असते, थोरले काका असतात. त्यांचं चालतंबोलतं चित्र अनेक घरांत दुसरीकडे कुठेच नसतं. आणि पुष्कळदा ओरखड्याचा त्या चौकोनांशी काही संबंधच नसतो.

डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबून बसवलेलं असतं. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे, एक चौकट पूर्ण साठवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं, असा तो हिशेब. भटजी स्थिर बसलेले असतात तेव्हा बदल थोडा, म्हणून काम सोपं. अक्षता पडताना मात्र शेकडो दाणे शेकडो दिशांना जातात, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश उडतात, म्हणजे प्रत्येक चौकट जवळजवळ नवी. तेवढी माहिती मावायला जागा लागते. साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी. तिच्यावर दोन तासांचं चित्रण बसवलं तर सेकंदाला सरासरी ५ मेगाबिट मिळतात, आणि चार तास कोंबले तर जेमतेम अडीच. चित्रासाठी कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत सगळं एकाच डिस्कवर मागितलं, की अक्षतांच्या वाट्याला चौकोन येतात. ते पहिल्या दिवसापासून तिथेच आहेत. २१ इंची जुन्या टीव्हीवर ते खपून गेले, आजच्या मोठ्या पडद्यावर डोळ्यांत भरतात.

म्हणून आधी एक साधी तपासणी करा. चित्र फुटतं ती वेळ कागदावर लिहा आणि तोच भाग पुन्हा लावा, शक्य तर दुसऱ्या प्लेअरवर किंवा संगणकावर. दर वेळी त्याच सेकंदाला, तसेच चौकोन आले, आवाज स्वच्छ राहिला आणि घड्याळ पुढे सरकत राहिलं, तर दोष फाइलमध्येच आहे. डिस्क पुसून उपयोग नाही. उलट चौकोनांची जागा बदलते, आवाज तुटतो, घड्याळ थांबतं, प्लेअर आतल्या आत कुरकुरतो, तर लेझरला वाचता येत नाहीये. इथे एखादी पूर्ण चौकट हुकली की पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत चित्र बिघडलेलंच राहतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका पूर्ण चौकटीपासून पुढच्या पूर्ण चौकटीपर्यंतचा गट साधारण १२ ते १५ चौकटींचा, म्हणजे एक चूक अर्धा सेकंद दिसते.

ओरखड्यांविषयीची भीतीही थोडी वाढवलेली आहे. चित्र चकचकीत पृष्ठभागावर कोरलेलं नसतं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध. लेझर त्या थरावर केंद्रित असल्याने वरचे बारीक ओरखडे त्याला अंधूकच दिसतात. शिवाय काही माहिती वाचता आली नाही तर ती भरून काढणारी सोय प्रत्येक ३२ केबीच्या गठ्ठ्यात असते. मधून काठाकडे गेलेला ओरखडा सहसा निभावतो. ट्रॅकच्या दिशेने, गोलाकार गेलेला त्रास देतो, कारण तो सलग माहिती झाकतो. म्हणूनच मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावून घासण्याचा सल्ला ऐकू नका. त्याने नवे ओरखडे पडतात.

ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो खरा अपराधी अनेकदा वरच्या बाजूला असतो: वधूवरांच्या फोटोचा चिकटवलेला कागद. काळाने कागद आणि गोंद आकसतात, डिस्क किंचित वाकते, फिरताना तोल जातो. वाकलेल्या डिस्कचा त्रास काठाला सर्वांत जास्त, आणि डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे भरलेल्या डिस्कवर सुरुवात नीट चालते आणि पाठवणीला गाडी अडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही डीव्हीडीवर असे कागद लावू नयेत असं सांगितलं आहे. मात्र लावलेला कागद ओढून काढू नका. त्याने नुकसान वाढतं.

"सिनेमाची डिस्क चालते, म्हणजे प्लेअर ठीक आहे," हेही पुरेसं नाही. सिनेमाच्या डिस्कवरचे खड्डे साच्यातून उमटवलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर जाळून खुणा केलेल्या असतात, आणि पुन्हा पुन्हा राइट करता येणारी डिस्क तर त्याहून कमी प्रकाश परतवते. लेझर म्हातारा झालेला प्लेअर छापील डिस्क वाचतो आणि राइट केलेली नाकारतो. कॅमेऱ्यात भरलेली छोटी डिस्क दुसरीकडे अजिबात चालत नसेल, तर बहुधा ती फायनलाइज करायची, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी पूर्ण करायची, राहिली आहे. तो कॅमेरा अजून चालू असेल तर हे काम आजही होतं.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवलेली डिस्क अमेरिकेत चालली नाही की लोक रीजन कोडला दोष देतात. घरगुती डिस्कवर तसं बंधन सहसा नसतंच. आपली डिस्क पालची, ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी. तिथले प्लेअर एनटीएससीचे, ४८० ओळी आणि जवळजवळ ३० चौकटी. त्यातल्या अनेकांना पाल समजत नाही. तीच डिस्क तिथल्या संगणकावर व्यवस्थित चालते. माणसं उंच, बारीक दिसत असतील तर टीव्हीचं चित्रप्रमाण १६:९ करून पाहा. संगणकावर हलत्या हाताला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा. आणि चित्र नुसतं धूसर वाटत असेल तर काहीच बिघडलेलं नाही: डीव्हीडीत सुमारे ४ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ८३ लाख.

कॅसेटच्या सवयीने अनेकांना वाटतं की कॉपी केली की दर्जा उतरतो. व्हिडिओ_टीएस हे फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घेतलं तर कॉपी मुळाइतकीच असते. दर्जा उतरतो तो ते चित्रण पुन्हा दाबून लहान फाइल बनवताना. रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने क्षीण होत जातो, तेव्हा ही कॉपी यंदाच करून टाका. कॉपी मध्येच अडली तर 'डीडीरेस्क्यू' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं, मग अवघड जागांकडे परततं आणि काय राहिलं याची नोंद ठेवतं. ती नोंद सांभाळून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की राहिलेले तुकडे तिथून मिळवता येतात. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं.

चौकोन मुळातच फाइलमध्ये असतील तर डिस्कमधून काही निघणार नाही. तेव्हा मूळ कॅसेट शोधा. चित्रण मिनी-डीव्ही कॅसेटवर झालं असेल तर तिच्यावर सेकंदाला २५ मेगाबिट चित्र आहे, दोन तासांच्या डीव्हीडीच्या पाचपट, आणि अक्षता त्यात दाणा न दाणा दिसतात. शूटिंग ज्यांनी केलं त्यांच्याकडे ती अजून पडून असू शकते. आधी त्यांना फोन करा.