ड्यूकच्या सुरांचे राखणदार

७ नोव्हेंबर १९४०. अमेरिकेच्या उत्तर टोकाला नॉर्थ डकोटा नावाचे थंड राज्य आहे. तेथील फार्गो शहरात, क्रिस्टल बॉलरूम नावाच्या नाचाच्या हॉलमध्ये त्या रात्री ड्यूक एलिंग्टन यांचा बँड वाजणार होता. लोक आपापल्या जोडीदाराला घेऊन नाचायला आले होते. दोन तरुण मात्र नाचायला आले नव्हते. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस ही त्यांची नावे. शेजारच्या साउथ डकोटात नोकरी करणारे आणि ड्यूक यांच्या संगीताचे वेडे. त्यांनी तबकडी कोरणारे एक यंत्र आणि तीन मायक्रोफोन उचलून आणले होते. परवानगी आधीच काढलेली होती. रेकॉर्डिंग विकायचे नाही, स्वतःच्या आनंदासाठी ठेवायचे, एवढीच बोली.

यंत्राची सुई फिरू लागली. सोळा इंची तबकडीची एक बाजू साधारण पंधरा मिनिटांत भरायची. मग ती पालटायची, भरली की नवी लावायची. असे रात्रभर चालले. त्या तबकड्या पुढे अनेक वर्षे घरातच राहिल्या, त्यांच्या नकला रसिकांच्या हातोहात फिरत राहिल्या. १९७८ साली त्याची रीतसर एल.पी. निघाली आणि १९८० साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दोन हौशी तरुणांनी नाचाच्या हॉलमध्ये बसून केलेले काम चाळिसाव्या वर्षी अमेरिकेने डोक्यावर घेतले!

वाचकहो, हा लेख ड्यूक एलिंग्टन यांच्याबद्दल आहेच. पण तेवढाच तो या दोघांसारख्या माणसांबद्दलही आहे.

बटलरचा मुलगा

एडवर्ड केनेडी एलिंग्टन यांचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील एका गोऱ्या डॉक्टरच्या घरी बटलर होते. राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसमध्ये मेजवानी असली की तेथेही ते अधूनमधून कामाला जात. आई पियानो वाजवी. पोराचे कपडे नीटनेटके, बोलणे अदबीचे, म्हणून मित्रांनी त्याला ‘ड्यूक’ म्हणजे उमराव असे नाव पाडले. ते नाव जन्मभर चिकटले.

जॅझ म्हणजे काय, असे घरातली मंडळी विचारतील. आपल्या वरातीत बँड असतो, त्यात क्लॅरिनेट असते, ट्रम्पेट असतो. जॅझच्या बँडमध्येही ही वाद्ये असतातच, शिवाय सॅक्सोफोन, पियानो आणि माणसाच्या उंचीचे बास असते. सगळे मिळून ठरलेली चाल वाजवतात, आणि मध्येच एकजण पुढे होऊन त्याच चालीवर स्वतःच्या मनातले वाजवतो. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या लेकरांनी हे संगीत न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या भागात घडवले. ज्यांच्या आजोबांचा बाजारात लिलाव झाला होता, त्यांनी जगाला नवे संगीत दिले.

डिसेंबर १९२७ मध्ये ड्यूक यांचा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कॉटन क्लबात लागला. हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती. पण क्लबातला हिशेब पाहा. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, पदार्थ वाढणारे काळे आणि टेबलाशी बसून ऐकणारे गोरे. वस्तीतल्या काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नव्हता. कला चालते, कलावंताची माणसे चालत नाहीत. हा प्रकार काय असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही ड्यूक तेथे वाजवत राहिले. कारण क्लबातून रेडिओवर कार्यक्रम जात असे आणि रेडिओला दारवान नसतो. देशभर त्यांचे नाव झाले. पुढे दक्षिणेत दौरे निघाले तेव्हा हॉटेलात खोली मिळेना, खानावळीत जेवण मिळेना. मग त्यांनी सरळ रेल्वेचे डबेच भाड्याने घेतले. झोपायचे दोन आणि सामानाचा एक. स्टेशनवर डबे बाजूच्या रुळावर लावायचे, तेथेच झोपायचे, तेथेच जेवायचे आणि संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून वाजवायला निघायचे. कोणाच्या दारात उभे राहून नकार ऐकायचा नाही. राष्ट्राध्यक्षही असाच प्रवास करतात, असे ते सांगत.

माणूस पाहून सूर लिहिणारे

ड्यूक यांच्या कामाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्वसाधारण संगीतकार ‘पहिला ट्रम्पेट’, ‘दुसरा ट्रम्पेट’ असे लिहितो. तो कोण वाजवणार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ड्यूक यांच्या बँडच्या कागदांवर पुष्कळदा वाद्याऐवजी वादकाचे नाव किंवा टोपणनाव असे. जॉनी हॉजेसचा सॅक्सोफोन कसा घसरत घसरत सुरावर येतो, एखाद्या ट्रम्पेटवाल्याला कोणता सूर नीट लागत नाही, हे डोक्यात ठेवून ते लिहीत. माणूस होता तसा घेतला, त्याला साच्यात घातले नाही. म्हणून माणसेही टिकली. हॅरी कार्नी हे वादक १९२७ साली पोरवयात बँडमध्ये आले, ते १९७४ साली ड्यूक वारले तोपर्यंत तेथेच होते. पुढे काही महिन्यांत तेही गेले. मोठे बँड परवडेनासे झाले तेव्हा बाकीच्यांनी गाशा गुंडाळला. ड्यूक यांनी आपल्या गाण्यांच्या मानधनातून वादकांचे पगार चालू ठेवले. सकाळी लिहिलेले संध्याकाळी ऐकायला मिळते, एवढ्यासाठी ही पदरमोड.

पण त्या काळची तबकडी तीन मिनिटांची. तेवढ्यात काय सांगायचे? १९३५ साली आई गेली तेव्हा त्यांनी एक दीर्घ रचना केली, ती तबकडीच्या चार बाजूंवर वाटून काढावी लागली. लोकांनी नाके मुरडली. बँडने नाचायला वाजवावे, मोठे बोलू नये, अशी अपेक्षा होती.

२३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही पाऊण तासाची रचना वाजवली. अमेरिकेतील काळ्या माणसाचा इतिहास त्यांनी सुरांत मांडला. आधी गुलामाचे कष्ट आणि प्रार्थना, मग युद्धे आणि मुक्ती, शेवटी हार्लेममधले आजचे जिणे. शास्त्रोक्त संगीताचे टीकाकार म्हणाले, याला बांधणी नाही. जॅझवाल्यांपैकी काही म्हणाले, हे जॅझ राहिले नाही. दोन्हीकडून मार खाल्ला. ड्यूक यांनी ती अखंड फारच थोड्या वेळा वाजवली, नंतर तुकड्यांनीच. कंपनीने त्या वेळी पूर्ण तबकडी काढली नाही. पण त्या रात्री कोणीतरी खाजगी तबकड्यांवर कार्यक्रम उतरवून घेतला होता. १९७७ साली त्यावरून एल.पी. निघाली म्हणून आज तो इतिहास त्यांच्याच बँडच्या तोंडून ऐकता येतो. त्या तबकड्या फुटल्या असत्या तर आपल्यापर्यंत टीकाकारांचे शेरे तेवढे पोहोचले असते.

नोंदवहीवाले रसिक

जगभर ड्यूक यांचे जे चाहते झाले, त्यांचे वेड काही वेगळेच. स्वीडनमध्ये बेनी आस्लंड यांनी १९५४ साली ड्यूक यांच्या तबकड्यांची सूची छापली. कोणती तबकडी, कोणत्या तारखेला, कोण वाजवत होते. १९७९ साली त्यांनी चाहत्यांचे मंडळ काढले. त्याच्या पत्रिकेत देशोदेशीचे लोक एकमेकांच्या चुका दुरुस्त करीत. ही तारीख नव्हे ती, हा वादक नव्हे तो! १९८३ पासून या मंडळींच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या, पहिली वॉशिंग्टनमध्ये. कचेरीत नोंदी करण्यात हयात घालवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून आपलीच माणसे भेटल्यासारखे वाटले. नोंद करणाऱ्याला लोक हसतात, आणि पुढे पुरावा हवा असला की त्याच्याच टेबलाशी येतात.

या कानांची करामत ऐका. फेब्रुवारी १९३२ मध्ये ड्यूक यांच्या बँडच्या काही तबकड्या निघाल्या. १९८० च्या दशकात दोघा संग्राहकांच्या लक्षात आले की, निराळ्या समजल्या गेलेल्या दोन तबकड्यांत सूर हुबेहूब तेच आहेत, फक्त एकीत काही वाद्ये जवळ, तर दुसरीत तीच लांब. म्हणजे वादन एकच. दोन यंत्रे एकाच वेळी चालू होती आणि प्रत्येकाला मायक्रोफोन वेगळा! त्यांनी दोन्ही तबकड्या एकमेकींशी जुळवून एकत्र वाजवल्या आणि १९३२ सालचे संगीत डाव्या-उजव्या कानाला वेगळे, म्हणजे स्टिरिओत ऐकू आले. बाजारात स्टिरिओ यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली.

दुसरी हकीकत न्यूपोर्टची. ७ जुलै १९५६ च्या रात्री त्या गावच्या जॅझ महोत्सवात पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर एकाच चालीची सत्तावीस आवर्तने सलग वाजवली. (आडनावावरून गोव्याचे वाटतात, पण त्यांचे पूर्वज आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीज सत्ता दोन्हीकडे होती.) लोक खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले. ड्यूक संपले म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. पण गोन्साल्विस वाजवत होते भलत्याच मायक्रोफोनसमोर. तो ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ रेडिओचा होता. तबकडी कंपनीच्या टेपवर त्यांचा आवाज क्षीण आला. कंपनीने बराचसा कार्यक्रम स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, वर टाळ्या चिकटवल्या आणि विकला. लोकांनी चाळीस वर्षे तोच खरा मानला. पुढे रेडिओची टेप सापडली. दोन्ही टेप जुळवून १९९९ साली खरी रात्र बाहेर आली. जुळवणारे होते फिल शाप.

हे शाप कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थी रेडिओवर जॅझचे कार्यक्रम करीत. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे विद्यापीठ. त्या रेडिओने २९ एप्रिलला, ड्यूक यांच्या जन्मदिनी, अहोरात्र त्यांचेच संगीत वाजवण्याची प्रथा पाडली. जयंती अशीही करता येते. शेजारीच सेंट जॉन कॅथेड्रल आहे. २४ मे १९७४ रोजी ड्यूक गेल्यावर त्यांच्या अंत्यविधीला तेथे बारा हजारांवर माणसे जमली होती.

मानसन्मानाचे सांगायचे तर १९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी त्यांना विशेष गौरव द्यावा अशी शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. तीनपैकी दोघा परीक्षकांनी राजीनामे दिले. ड्यूक तेव्हा सहासष्ट वर्षांचे. ते मिस्कीलपणे म्हणाले की, आपण फार तरुणपणी प्रसिद्ध होऊ नये अशी नशिबाची इच्छा दिसते. मरणानंतर, जन्मशताब्दीला, १९९९ मध्ये मंडळाला जाग आली. १९६५ चेच पारितोषिक आता तरी द्या, अशी मागणी संगीतकारांनी आणि रसिकांनी २०२२ मध्ये पुन्हा केली. माझ्या मते त्याहून मोठा प्रसंग २९ एप्रिल १९६९ चा. सत्तराव्या वाढदिवशी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना देशाचे स्वातंत्र्यपदक दिले. ज्या घरात बापाने ताटे वाढली, त्या घरात मुलासाठी मेजवानी झाली.

ड्यूक आपल्या देशातही येऊन गेले. १९६३ च्या शरद ऋतूत अमेरिकन सरकारने त्यांच्या बँडला दौऱ्यावर पाठवले, त्यात दिल्ली होती, मुंबईही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा ‘माय पीपल’ हा काळ्या लोकांच्या शंभर वर्षांच्या वाटचालीवरचा कार्यक्रम शिकागोत झाला होता. इकडे वर्णभेदाच्या प्रश्नांना त्यांना तोंड द्यावे लागले. दिल्लीत ते आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा पियानोवर त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न बसले. याच स्ट्रेहॉर्न यांनी दिल्लीत साळुंकीची एक शीळ ऐकून मनात ठेवली. डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फार ईस्ट सूट’ मध्ये ती क्लॅरिनेटवर येते. त्यातलाच ‘आग्रा’ हा भाग हॅरी कार्नी यांच्या जाड सॅक्सोफोनसाठी लिहिलेला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि दौरा तुर्कस्तानात अर्ध्यावर थांबला.

ड्यूक यांनी स्वखर्चाने केलेली खाजगी ध्वनिमुद्रणे पुत्र मर्सर यांनी पुढे डेन्मार्कच्या रेडिओकडे सोपवली. सुमारे दोन लाख पाने कागदपत्रे १९८८ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. वादकांच्या नावांचे ते कागद तेथे आहेत.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी फार्गोपासूनच सुरुवात करावी. मोबाइलवरही मिळते. त्यात बास वाजवणारे जिमी ब्लँटन आहेत. क्षयाने १९४२ साली, तेविसाव्या वर्षी गेले. एरवी त्यांचे वादन तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत सापडते, येथे मात्र भरल्या हॉलमध्ये, नाचणाऱ्यांच्या गलक्यातून त्यांची बोटे तारांवर पडताना ऐकू येतात. काही चिजा सुरू झाल्यावरच पकडल्या आहेत, काही मध्येच तुटतात. तेथे टॉवर्स आणि बरिस यांची तबकडी भरली होती, आणि ते नवी लावत होते.