सूक्ष्मदर्शक कोणता घ्यावा?

माणगंगेकाठच्या म्हसवडला घोंगडी घ्यायला आलेला माणूस काय करतो? तो घोंगडी उलगडतो, उजेडात धरून वीण पाहतो, लोकर बोटांनी चोळतो. ती अंथरायची की पांघरायची, हे त्याने घरीच ठरवलेले असते. सूक्ष्मदर्शक घेताना मात्र पुष्कळजण एवढेच विचारतात, “किती पट मोठे दिसते?” आणि “दोन हजार पट!” असे उत्तर आले की पैसे मोजतात. विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असे पैसे वारंवार मिळत नाहीत. म्हणून हा प्रश्न अपुरा का आहे, ते समजून घेऊ.

त्यासाठी तीन वस्तू घ्या : घोंगडीतील लोकरीचा तंतू, आटपाडी भागातील डाळिंबाचे ‘तेल्या’ पडलेले पान आणि किर्लोस्करवाडीसारख्या उद्योगनगरीत ओततात तशा बिडाचा तुकडा.

प्रथम तंतू. जगाच्या बाजारात लोकरीची प्रत मुख्यतः तंतूच्या जाडीवरून ठरते. मेरिनो मेंढीचा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाड असतो (१,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर). आपल्या दख्खनी मेंढीची लोकर पुष्कळच जाडीभरडी. तंतूतून प्रकाश आरपार जातो, म्हणून शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक येथे पुरतो. पण जाडी मोजायची कशी? त्यासाठी दोन पट्ट्या लागतात : एक नेत्रिकेत बसणारी आणि दुसरी काचपट्टीवर कोरलेली, जिच्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात. समजा, ४० पटींच्या वस्तुभिंगाखाली नेत्रिकेतले ४० भाग काचपट्टीवरच्या १० भागांशी, म्हणजे १०० मायक्रॉनशी, तंतोतंत जुळले. तर नेत्रिकेतला एक भाग २.५ मायक्रॉनचा झाला. आता काचपट्टी काढून तंतू ठेवा. त्याने १६ भाग व्यापले, तर त्याची जाडी ४० मायक्रॉन! पट्ट्या नसतील, तर तंतू नुसता दिसेल. मोजता येणार नाही.

आता डाळिंबाचे पान. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. पानावरचा डाग बुरशीचा की जिवाणूंचा, यावर कोणती फवारणी करायची ते अवलंबून असते. निदान चुकले तर औषध वाया जाते आणि बागही हातची जाते. डागाच्या कडेचा छोटा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि १० पटींच्या वस्तुभिंगातून पाहा. कापलेल्या कडेतून धुरासारखा गढूळ प्रवाह निघताना दिसला, तर ते जिवाणूंचे लोट समजावेत. एवढे काम साध्या उपकरणाने होते.

एकेक जिवाणू पाहायचा झाला, तर गोष्ट वेगळी. त्याची रुंदी १ मायक्रॉनहूनही कमी. येथे विशालनापेक्षा महत्त्वाची ठरते ती विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची शक्ती. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरा. ठिपके मोठे होतात, पण चेहऱ्याचा नवा तपशील दिसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ साली दाखवून दिले की ही मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगात शिरणाऱ्या प्रकाशशंकूची रुंदी यांवरून ठरते. या रुंदीचे माप म्हणजे ‘न्यूमरिकल अपर्चर’. वस्तुभिंगावर ‘४०/०.६५’ असे लिहिलेले असते, त्यातला ०.६५ हा तोच आकडा. हिरव्या प्रकाशात हे भिंग सुमारे अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे अंतर दाखवते. ‘१००/१.२५’ हे तेलात बुडवायचे भिंग पाव मायक्रॉनच्या आसपास पोहोचते.

एक सोपा नियम ध्यानात ठेवा : या आकड्याला १,००० ने गुणले की उपयुक्त विशालनाची कमाल मर्यादा मिळते. म्हणजे ०.६५ ला ६५० पट, १.२५ ला १,२५० पट. ४० पटींच्या भिंगावर २५ पटींची नेत्रिका बसवून ‘हजार पट’ करता येते खरे, पण ते पोकळ विशालन होय.

राहिला बिडाचा तुकडा. त्यातून प्रकाश जातच नाही! खालचा आरसा कितीही फिरवा, अंधारच दिसेल. तुकडा घासून आरशासारखा चकचकीत करावा लागतो आणि प्रकाश वरून, वस्तुभिंगातूनच, त्यावर पाडावा लागतो. अशा धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शकात बिडातले ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे आहे की गोळ्यांसारखे, ते कळते. पापुद्रे असले तर बीड ठिसूळ, गोळ्या असल्या तर चिवट. याची वस्तुभिंगेही वेगळी असतात. जीवशास्त्रातल्या भिंगावर ०.१७ हा आकडा दिसतो. ती झाकणकाचेची मिलिमीटरमधील जाडी. धातूवर झाकणकाच नसतेच.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहा : काय पाहायचे? ते पारदर्शक आहे का? मोजायचे आहे का? दुकानात गेल्यावर कांद्याचा पापुद्रा १० पटींच्या भिंगाखाली स्पष्ट करा आणि ४० पटींचे भिंग फिरवून आणा. चित्र मध्यभागीच राहून किंचित फिरकीने स्पष्ट झाले पाहिजे. मग पाच मिनिटे हात न लावता थांबा. चित्र आपोआप अस्पष्ट झाले, तर मंच खाली घसरतो आहे असे समजा. वीज जाणाऱ्या गावासाठी आरशाची सोय असलेले उपकरण बरे. भिंगे पुसायचा खास कागद आणि धुळीसाठी खोळ यांचे पैसेही आधीच बाजूला ठेवा. माणदेशच्या कोरड्या हवेत भिंगांवर बुरशीपेक्षा धुळीचेच भय अधिक, आणि धुळीसकट भिंग धोतराच्या सोग्याने पुसले, तर चरे कायमचे पडतात!