महाबळेश्वर स्वस्त केव्हा?

महाबळेश्वरचे खोलीभाडे शाळेच्या सुट्ट्यांप्रमाणे चढते-उतरते. एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळचा आठवडा सर्वांत महाग. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दर बरेच खाली येतात, कारण येथे वर्षाला साधारण 5,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बहुतेक याच महिन्यांत. धुक्यात पॉइंटवरून दरी दिसत नाही आणि वेण्णा तलावातली नौकाविहाराची सोयही बहुधा बंद असते. स्वस्ताईची ही किंमत लहान मुले बरोबर असल्यास जास्त वाटते.

लोणावळ्याचे गणित उलटे आहे. तेथे पावसाळ्यातले शनिवार-रविवारच महाग असतात.

म्हणून महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा. पुण्याजवळच्या मोशी, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. इतरांना रजा टाकून मिळणारा मधल्या वाराचा कमी दर या कामगारांना सुटीच्या दिवशीच मिळू शकतो, आणि हा लाभ जरूर घ्यावा असाच आहे. बुधवारी मुक्कामाला निघावे.

दर आणि हवा दोन्ही साधायचे तर दिवाळीपूर्वीचे, पाऊस ओसरलेले दिवस उत्तम. स्ट्रॉबेरी हवी असल्यास जानेवारी-फेब्रुवारीतला, प्रजासत्ताक दिनाची जोडसुटी टाळून निवडलेला मधला वार.